‘म्हणे’ आणि ‘तुका म्हणे’

मराठीत ‘म्हणे’ हा शब्द दोन तऱ्हांनी वापरला जातो. वाक्याच्या शेवटी तो एकटाच येतो, तेव्हा बोलणारा जबाबदारीतून अंग काढून घेत असतो. ‘बिबट्या गावात शिरला म्हणे’, ‘पूल खचला म्हणे’. कोणी पाहिले, कोणी सांगितले, ही चौकशी तेथेच संपते. तोच शब्द एखाद्या नावाच्या पाठीमागे उभा राहिला की त्याचे रूप पालटते. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ या मुद्रेत कवी आपल्या शब्दांना आपले नाव बांधून देतो. या बोलण्याचा जाब विचारायचा असेल तर मी येथे आहे, असे सांगतो. पहिला ‘म्हणे’ वावडीचा, दुसरा साक्षीचा. विद्यार्थ्यांच्या लेखनातील संदर्भांचा सारा प्रश्न मला या दोहोंमधील अंतराचा प्रश्न वाटतो.

साकोलीसारख्या ठिकाणी मास्तरकी करताना दर वर्षी प्रकल्पवह्यांचा एक ढीग माझ्या हातून जातो. शिवाय मी कादंबऱ्या लिहितो, एवढ्याच भांडवलावर महाविद्यालयात गेलेली आमची जुनी मुले आपले निबंध आणि लघुप्रबंध वाचावयास आणून देतात. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; तेव्हा त्यांतील विद्वत्तेविषयी मी निवाडा करणार नाही. परंतु वाचक म्हणून जे दिसते ते सांगण्यास पदवी लागत नाही. वहीच्या आतल्या पानांवर ‘असे म्हटले जाते’, ‘विचारवंतांच्या मते’, ‘इतिहास सांगतो’ अशी निनावी वाक्ये असतात आणि शेवटच्या पानावर लिहिलेले असते : ‘संदर्भ – इंटरनेट, गुगल.’ एखाद्याला ‘तुमचे गाव कोणते?’ असे विचारावे आणि त्याने ‘बसस्थानक’ असे उत्तर द्यावे, तशातला हा प्रकार आहे. बसस्थानकावरून आपण आलो हे खरे. पण गाव तेथून पुढे कोठेतरी आहे.

महाविद्यालयीन निबंधात याच्या अगदी उलट चित्र दिसते. तेथे चाळीस-चाळीस ग्रंथांची यादी व्यवस्थित क्रमांक घालून दिलेली असते. लेखक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, काही म्हणून कमी नाही. पण त्यांतील एखाद्या ग्रंथाविषयी सहज काही विचारावे, तर लिहिणारा खाली पाहू लागतो. ती यादीच दुसऱ्या कोणाच्या तरी प्रबंधातून उचललेली असते. शाळेच्या वहीत साक्षीदार नाही. येथे साक्षीदार आहेत, पण खोटे. कचेरीत पहिल्याचा दावा नुसता फेटाळला जाईल, दुसऱ्यावर मात्र खटला भरावा लागेल. आपल्या परीक्षापद्धतीत दुसऱ्याला अधिक गुण मिळतात, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

हा रोग सरकारच्या ध्यानात आलेला नाही असे नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याला आळा घालणारे विनियम काढले. त्यांत शिक्षेच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यावयाचा. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येणार नाही. साठाच्या वर गेले की नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, आणि सर्वसामान्य माहितीच्या बाबतीत सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्य या हिशेबातून वगळले आहे. मोजण्याचे काम संगणक करतो. असा नियम हवाच होता. मात्र त्याचा जो अर्थ मुलांपर्यंत पोहोचला तो निराळा आहे. शब्द बदलले की सुटलो, एवढेच ते शिकले. ‘राजा’च्या जागी ‘नृपती’ येतो, कर्तरी वाक्य कर्मणी होते, आणि दुसऱ्याचा विचार जसाच्या तसा पलीकडे नेला जातो. चोरीच्या बैलाची शिंगे रंगवून तो बाजारात उभा करावा आणि तपासनिसाने फक्त शिंगेच पाहावी, असे हे चालले आहे. उलट जो मुलगा दुसऱ्याचे वाक्य प्रामाणिकपणे उद्धृत करू पाहतो, तोच टक्केवारीच्या धास्तीने ते गाळून टाकतो.

याचे कारण असे की, संदर्भ म्हणजे चोरीचा आरोप टाळण्याचा दाखला, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. तिच्याहून थोडी बरी अशी दुसरी समजूत म्हणजे संदर्भ हे ऋण फेडणे होय. ती खोटी नाही, परंतु अपुरी आहे. ऋण फिटले की सावकार आणि कूळ यांचा संबंध संपतो. संदर्भाने मात्र तिसऱ्याच माणसाचा संबंध सुरू होतो. तो तिसरा माणूस म्हणजे वाचक. लेखक ज्या वाटेने आला ती वाट वाचकाला दाखवून देणे, त्याला तेथवर स्वतः जाऊन पाहता येईल आणि पाहून झाल्यावर लेखकाशी भांडता येईल अशी सोय करून ठेवणे, हे संदर्भाचे खरे काम आहे.

ही रीत आपण पाश्चात्त्यांकडून शिकलो, असे पुष्कळांना वाटते. तळटिपेचा आकार तिकडून आला हे मान्य. परंतु वृत्ती येथलीच आहे. ज्ञानेश्वरांनी ग्रंथ संपवताना आपण व्यासांच्या मागाने आणि भाष्यकारांना विचारत चाललो, हे स्पष्ट सांगितले आहे. एकनाथांनी तर आपल्या मुद्रेतच गुरूचे नाव गुंफले. ‘एका जनार्दनी’ म्हटल्याशिवाय त्यांची रचना पुरी होत नाही. याच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तिच्या शेवटी शक नोंदवला, आणि या ग्रंथात पदरची ओवी घालू नये अशी पुढच्यांना ताकीद दिली. त्या काळी लोक आपली रचना थोरांच्या नावावर खपवीत. आज थोरांची रचना आपल्या नावावर खपवतात. दिशा बदलली, नाव आणि शब्द यांची फारकत तीच राहिली. नाथांची ताकीद दोन्हींना लागू पडते.

पण याहूनही बोलके उदाहरण आमच्या विदर्भातले आहे. ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ. तेराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे नागदेवाचार्यांकडून चक्रधरस्वामींच्या लीळा ऐकल्या, आणि ज्या ज्या माणसांसमोर त्या घडल्या त्यांच्याकडे जाऊन पडताळून घेतल्या. परंपरा सांगते की, मूळ पोथी पुढे यवनांच्या स्वारीत नष्ट झाली आणि अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. आठवणी एकमेकींशी जुळेनात. अशा वेळी एखाद्या चतुर माणसाने सर्वांचे मिळून एक गुळगुळीत कथन तयार केले असते. महानुभावांनी तसे केले नाही. हिराइसांचा पाठ कोणता, रामेश्वरबास काय म्हणतात, परशरामबास काय म्हणतात, हे त्यांनी नावानिशी वेगळे ठेवले. अशा भिन्न आठवणींना ‘वासना’ आणि मागाहून चौकशी करून घातलेल्या मजकुराला ‘शोध’ अशा संज्ञाही योजल्या. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ ज्यांनी चाळला असेल, त्यांना ही पद्धत ठाऊक आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या या माणसांना तळटीप ठाऊक नव्हती. पण निनावी ‘म्हणे’ चालणार नाही, हे त्यांना पुरते कळले होते.

संदर्भामुळे भांडता येते असे मी वर म्हटले, त्याचा दाखला एका विद्यार्थ्याचाच आहे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेचाळीस वर्षांनी, १८६७ मध्ये, डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने पुण्यातील एका सभेपुढे त्या ग्रंथाची चिकित्सा करणारा निबंध वाचला. पुढे तो ‘विविधज्ञानविस्तारा’त छापला गेला. राज्यकर्त्यांच्या इतिहासकाराला एका विद्यार्थ्याने जाब विचारला, म्हणून आपण कीर्तन्यांचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात थोडा वाटा डफचाही आहे. त्याने तळटिपांतून आपल्या हस्तलिखितांचे निर्देश केले होते. म्हणून त्याची साधने एका बाजूला आणि निष्कर्ष दुसऱ्या बाजूला ठेवून पाहता आले. त्याने नुसते ‘असे म्हणतात’ लिहिले असते, तर कीर्तने भांडणार कोणाशी? अस्सल कागदांची जी तहान त्या काळात लागली, ती पुढे राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या १८९८ मधील पहिल्या खंडापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे पोहोचली.

आता व्यवहाराकडे वळू. मुले मराठी विश्वकोशातून पुष्कळ मजकूर घेतात. घ्यावाच, तो आता संगणकावर सर्वांना खुला आहे. त्यातील नोंदीच्या शेवटी बहुधा दोन गोष्टी असतात : संदर्भग्रंथांची नावे आणि नोंद लिहिणाऱ्याचे नाव. मुलांच्या वहीत सबंध नोंद उतरते आणि नेमक्या या दोन ओळी तेवढ्या गळतात. त्या दोन ओळी उतरवून घेणे, हा संदर्भाचा पहिला धडा होय. दुसरा धडा आवृत्तीचा. तुकारामांच्या अभंगाचा नुसता क्रमांक देऊन भागत नाही, कारण एका गाथेतील क्रमांक दुसरीत जुळत नाही. कोणती गाथा, कोणी काढलेली, कोणत्या वर्षाची, हे सांगावे लागते. तिसरा धडा उसन्या अवतरणाचा. राजवाड्यांचे वाक्य दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात वाचले असेल, तर त्या दुसऱ्या पुस्तकाचे नाव आणि पृष्ठ द्यावे. राजवाडे स्वतः वाचल्याचा आव आणू नये. यात कमीपणा कसला? साकोलीतील मुलाला मूळ ग्रंथ हाती लागत नाही, हा त्याचा अपराध नाही.

अलीकडे यात एका नव्या अडचणीची भर पडली आहे. यंत्राला विषय सांगितला की ते क्षणात निबंध लिहून देते, आणि मागितले तर संदर्भही. त्या संदर्भांत कधी लेखक खरा असतो, प्रकाशक खरा असतो, पुस्तक मात्र कधी लिहिलेच गेलेले नसते. रूप पाहाल तर निर्दोष. स्वल्पविराम जेथल्या तेथे. संदर्भाचे शिक्षण म्हणजे केवळ स्वल्पविरामांचे शिक्षण नव्हे, हे या यंत्राने आपल्याला सिद्ध करून दाखवले, एवढे उपकार मानले पाहिजेत.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. आमचा मुलूख तलावांचा. ‘नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे म्हणतात’, हे वाक्य मी कितीतरी वह्यांत वाचले आहे. ते खरेही असेल. पण हे सांगितले कोणी, याचा वहीत मागमूस नसतो. एका मुलाने आपल्या गावच्या बोडीवर प्रकल्प लिहिला होता. वहीत सर्वत्र सापडणारी माहिती होती. बोलता बोलता तो सांगू लागला : पाणी आधी कोणाच्या बांधीत जाई, पाळी कशी ठरे, धुरा फोडणाऱ्याला काय शिक्षा होई, मालगुजारी गेल्यावर काय बदलले. हे सारे त्याला आजीने सांगितलेले, आणि आजीने तिच्या सासऱ्याकडून ऐकलेले. हे वहीत का नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, “सर, आजी म्हणजे का पुस्तक आहे?”

या प्रश्नात आपल्या शिक्षणाचे अपयश आहे. जे छापले तेच प्रमाण, असे आपण त्याला नकळत शिकवले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवर १९१६ मध्ये चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आज वैनगंगेच्या खोऱ्यातील कोहळ्यांविषयी लिहिणारा कोणीही त्याचा आधार घेतो. तो ग्रंथ तरी कशावर उभा आहे? त्यातील अनेक लेखांच्या तळटिपांत माहिती पुरवणाऱ्या स्थानिक कारकुनांची, तहसीलदारांची, शिक्षणखात्यातील माणसांची नावे आहेत. म्हणजे तेव्हाचे सांगणारेच आजचे पुस्तक झाले. साकोलीच्याच हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास उभा केला, तोही बोलणाऱ्यांच्या तोंडचे शब्द गोळा करूनच.

म्हाताऱ्या माणसांची आठवण चुकते, हा आक्षेप रास्त आहे. छापील पुस्तकेही चुकतात. नाव दिल्याने सांगणे खरे ठरत नाही. ते तपासण्याजोगे ठरते. सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव, कोणत्या दिवशी सांगितले, स्वतः पाहिलेले की ऐकलेले; इतके लिहिले की आजी संदर्भसूचीत रसेलच्या शेजारी मानाने बसू शकते. दोघांचे पटले नाही तर महानुभावांप्रमाणे दोन्ही वासना नावानिशी द्याव्यात. निवाडा वाचक करील.

शिक्षकांनी वही तपासताना प्रत्येक मुलाला तोंडी एकच प्रश्न विचारावा : ‘हे तुला कोठे मिळाले?’ त्याचे जे खरे उत्तर असेल, मग ते विश्वकोश असो की आजी, तेच शेवटच्या पानावर यावे आणि त्याला गुण मिळावेत. रसेलचा ग्रंथ पन्नास वर्षांनीही कोठेतरी सापडेल. बोडीच्या पाळ्या ज्यांनी पाहिल्या वा पाहिलेल्यांच्या तोंडून ऐकल्या, ती माणसे मात्र सापडणार नाहीत. त्यांचे नाव आज कोणी लिहून ठेवले नाही, तर पुढच्या मुलाच्या वहीत एकटा ‘म्हणे’ तेवढा उरेल.