दरडोई दोनशे चौरस फूट

फोनचा चार्जर दिवसभर प्लगमध्ये तसाच ठेवला तर किती ऊर्जा वाया जाते? डेव्हिड मॅकायचं उत्तर: साधी गाडी एक सेकंद चालवायला लागते तेवढी. चार्जर काढून पृथ्वी वाचवायला निघालेल्यांची हवा एवढ्यानंच निघून जाते.

'सस्टेनेबल एनर्जी : विदाउट द हॉट एअर' हे त्याचं पुस्तक २००८ साली आलं. ते आजही इंटरनेटवर अधिकृतपणे फुकट वाचता येतं. आम्हा कोडवाल्यांना मॅकाय माहीत असतो तो इन्फर्मेशन थिअरीवरच्या पाठ्यपुस्तकामुळे. वायफाय आणि फाइव्ह-जीमध्ये सिग्नलमधल्या चुका दुरुस्त करणारे एलडीपीसी कोड बरीच वर्षं अडगळीत पडले होते. १९९०च्या दशकात त्यांना पुन्हा उजेडात आणणाऱ्यांमध्ये तो होता. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतला हा भौतिकशास्त्रज्ञ ऊर्जेवरच्या चर्चांना कंटाळून हिशोबाला बसला, त्याचं हे पुस्तक झालं.

त्याची युक्ती एका ओळीत सांगता येते. सगळं काही माणशी, दिवसाला किती युनिट, या एकाच मापात मोजायचं. गाडी, विमानप्रवास, घर गरम ठेवणं, जेवण, सगळं. ब्रिटिश माणसाचा खर्च निघतो दिवसाला सुमारे १२५ युनिट. मग समोर जमेची बाजू. पवनचक्क्यांच्या शेतातून चौरस मीटरला २ वॅट मिळतात, ब्रिटनमध्ये माणशी ४,००० चौरस मीटर जमीन आहे, त्यातली दहा टक्के पवनचक्क्यांनी भरली तर माणशी दिवसाला २० युनिट. किराणा दुकानाच्या वहीसारखा हिशोब. कुणीही तपासावा.

सरकारनं तो मनावर घेतला, ही या पुस्तकाची दुसरी गोष्ट. २००९मध्ये मॅकाय ब्रिटनच्या ऊर्जा आणि हवामानबदल खात्याचा मुख्य वैज्ञानिक सल्लागार झाला. पुढच्याच वर्षी खात्यानं '२०५० कॅल्क्युलेटर' खुला केला. प्रत्येक क्षेत्रासाठी चार पायऱ्या, पहिली म्हणजे फारसं काही न करणं आणि चौथी म्हणजे भौतिकशास्त्र परवानगी देईल तिथपर्यंत जाणं. मंत्री असो वा शाळकरी पोर, आपापला देश जुळवून बघा. ही कल्पना आपल्याकडेही आली. फेब्रुवारी २०१४मध्ये नियोजन आयोगानं त्याच धर्तीवर २०४७पर्यंतच्या भारतासाठी कॅल्क्युलेटर काढला. आयोग गेला, नीती आयोग आला, कॅल्क्युलेटर टिकला. मॅकाय १४ एप्रिल २०१६ला, वयाच्या ४८व्या वर्षी, कॅन्सरनं गेला. तीन महिन्यांनी ब्रिटननं ते खातंच मोडीत काढलं.

पुस्तकावर नेहमी होणारा आरोप म्हणजे सौरऊर्जेबाबत त्याचा अंदाज चुकला. हा आरोप मला अर्धाच पटतो. पैशांचा हिशोब आपण बाजूला ठेवतोय, हे त्यानं सांगूनच टाकलंय. पॅनलच्या किमती पडल्या त्या जर्मनीच्या २०००च्या कायद्यामुळे आणि चिनी कारखान्यांमुळे. राजस्थानातल्या भडला इथं २०१७च्या लिलावात दर २ रुपये ४४ पैशांवर आला. सूर्यप्रकाश तोच होता, बदललं ते धोरण. आणि त्यानं घातलेली कमाल मर्यादा? ब्रिटनमध्ये आज जमीन आणि समुद्र दोन्हीकडच्या वाऱ्यातून मिळून माणशी दिवसाला तीन-साडेतीन युनिट मिळतात. २०चा आकडा अजून फार लांब आहे. भौतिकशास्त्र भिंत कुठे आहे ते सांगतं. तिथवर कोण किती वेगानं पोचेल हे ते सांगत नाही, आणि तसा दावाही मॅकाय करत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ती सांगायला त्याचीच पद्धत वापरतो.

कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात पावगडचं सौर उद्यान आहे. २,०५० मेगावॉट, १३,००० एकर. रात्र, ढग वगैरे वजा जाता सरासरी उत्पादन क्षमतेच्या एक पंचमांश धरू. म्हणजे चौरस मीटरला सुमारे ८ वॅट. भारतात कारखाने, रेल्वे, शेतीपंप सगळं धरून दरडोई वीजवापर वर्षाला साधारण १,३०० युनिट, दिवसाला साडेतीनच्या आसपास. भागाकार केला की उत्तर येतं माणशी १९ चौरस मीटर, म्हणजे दोनशे चौरस फूट. मुंबईतली चाळीतली एक खोली. आपल्या वाट्याला देशात माणशी २,३०० चौरस मीटर जमीन येते, त्यातला एक टक्कासुद्धा नाही. यात पेट्रोल नाही, गॅस नाही, रात्रीसाठी वीज साठवण्याची सोय नाही. तरी उत्तर आशादायक आहे. मॅकाय खूश झाला असता.

पण पावगडचे १३,००० एकर 'माणशी' नव्हते. ते पाच गावांतल्या ठरावीक लोकांचे होते. दुष्काळी पट्टा, भुईमुगाची बेभरवशाची शेती. जमीनमालकांना एकरी वर्षाला २१,००० रुपये भाडं सुरू झालं, आणि अनेकांना ते शेतीपेक्षा बरं वाटलं. ज्यांची जमीनच नव्हती, त्या शेतमजुरांना भाडं मिळायचा प्रश्न नव्हता. त्यांची मजुरी मात्र शेतीबरोबर गेली. काहींना पॅनल पुसायचं किंवा गवत कापायचं काम मिळालं. मेंढपाळांची चराई आक्रसली.

मॅकायच्या पुस्तकात माणसं येतात, पण हिशोब संपल्यावर. पवनचक्की नको, इथे पक्षी आहेत. धरण नको, ही आमची दरी आहे. असे आक्षेप तो थोड्या थट्टेनं मांडतो, आणि जमेची बाजू घसरत जाते. त्याच्या ब्रिटनमध्ये माणूस म्हणजे नकार देऊ शकणारा माणूस. पावगडच्या मजुराला नकार द्यायलाही कुणी विचारलं नव्हतं. सरासरीत तो आहे, व्यवहारात नाही.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. ज्या गोष्टीला टेबलमध्ये कॉलम नाही, ती सिस्टिमसाठी घडतच नाही. कॅल्क्युलेटरमध्ये मेगावॉटला रकाना आहे, कार्बनला आहे, जमिनीलाही आहे. बुडालेल्या मजुरीच्या दिवसांना नाही. आणि मॉडेल जितकं स्वच्छ, तितका वापरणाऱ्याचा समज पक्का होतो की सगळं मोजून झालंय. हा दोष मॅकायच्या गणिताचा म्हणता येणार नाही. ते गणित धोरणात उतरताना कुणी नवा रकाना जोडला नाही, हा खरा दोष.

महाराष्ट्रात हा प्रश्न दारात आलाय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या फीडरसाठी सौरप्रकल्प उभे राहताहेत. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलंय, आणि सरकारी जमीन, गायरानंही वापरात येताहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू रास्तच आहे. सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला भाडं मिळेल. गायरानात शेळ्या चारणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नसतं.

म्हणून हे पुस्तक वाचाच, फोनवर फुकट आहे. पुढच्या वेळी कुणी 'इतके हजार मेगावॉट' अशी घोषणा केली की मेगावॉटला पाच-सहा एकरांनी गुणा. एवढं मॅकाय शिकवतो. मग त्या एकरांवर आज कोण राबतंय, कोणाची जनावरं चरताहेत, आणि त्यातल्या किती जणांना भाड्याच्या करारावर सही करता येणार आहे, हे विचारा. ते त्यानं आपल्यावर सोडलंय.