'भांडवल' आणि 'सेवा' : निसर्गविषयक परिभाषेची चिकित्सा

गेल्या काही दशकांत मराठीतील पर्यावरणविषयक संशोधनलेखनात 'नैसर्गिक भांडवल' आणि 'परिसंस्था-सेवा' या संज्ञा स्थिरावल्या आहेत. अर्थशास्त्र, भूगोल, वनस्पतिशास्त्र अशा विविध शाखांचे अभ्यासक त्या वापरतात; तथापि मराठीत आल्यावर त्यांचा अर्थ काय होतो, याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. कसबा पेठेलगत वाहणाऱ्या मुठेच्या संदर्भात या परिभाषेची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञांचा इतिहास थोडक्यात असा. शूमाखर यांनी १९७३ मध्ये निसर्गाला भांडवल म्हटले. १९९७ मध्ये कोस्टान्झा व सहकाऱ्यांनी जगातील १७ परिसंस्था-सेवांचे वार्षिक मूल्य सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढले. २००५ च्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनाने या सेवांची पुरवठा, नियमन, सांस्कृतिक व आधारभूत अशी चार गटांत विभागणी केली. आपल्याकडील बहुतेक शोधनिबंध हीच चौकट घेऊन चालतात.

आता मराठी कान काय ऐकतो ते पाहू. एखाद्या गोष्टीचे 'भांडवल करणे' म्हणजे स्वार्थासाठी तिचा वापर करणे, हा अर्थ आपल्याकडे रूढ आहे. 'सेवा' देवाची, आईवडिलांची, आजाऱ्याची करावयाची असते. नदी माणसाची सेवा करते, हे वाक्य घरातील एखाद्या आजींना सांगून पाहावे. उलटतपासणी अटळ आहे. अभ्यासक याला भाषांतराची किरकोळ अडचण मानतात. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र ही अडचण मूळ संकल्पनेतील उणीव उघड करते: सेवा कोणाला मिळते आणि भांडवल कोणाच्या नावावर आहे, हे या संज्ञा सांगत नाहीत.

जुन्या मराठी शब्दांत ही माहिती असे. 'गायरान' म्हटले की गावची गुरे डोळ्यांसमोर येतात. 'गाळपेर' शब्दात ओसरणारे पाणी आणि उघड्या पडलेल्या गाळात पेरणारा शेतकरी, दोघेही आहेत. 'देवराई'चा धनी तर थेट देवच. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला तो याच नात्यामुळे टिकलेल्या झाडीचा. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये डोंगरावरील पालापाचोळ्याचे सत्त्व पावसाने शेतात येत असे, हे सांगितले आणि त्याच ओघात डोंगर ताब्यात घेणाऱ्या जंगलखात्याला जाबही विचारला. आजच्या भाषेत याला 'पोषकद्रव्य-चक्राची सेवा' म्हणतील. पण जाब मात्र गळून पडेल.

अर्थात जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिथे हक्काबरोबर मज्जावही होता. महाडचे चवदार तळे याची साक्ष आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. सेवांच्या कोष्टकात त्या तळ्याचे मूल्य आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सारखेच निघेल. घनमीटर तेच, शुद्धता तीच. इतिहासातील एवढी मोठी घटना ज्या मोजपट्टीवर उमटतच नाही, तिच्यावर समाजशास्त्राने किती विसंबावे?

मूल्यांकन निरुपयोगी आहे, असे येथे म्हणावयाचे नाही. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वनजमिनीच्या वळवणीसाठी निव्वळ वर्तमान मूल्य आकारले. २००८ मध्ये त्याचे दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरले. त्यापूर्वी जंगलाची किंमत जवळजवळ शून्य धरली जात होती, हे विसरून चालणार नाही. परंतु ही रक्कम क्षतिपूरक वनीकरणाच्या निधीत जमा होते. त्या जंगलातून मोळी आणणाऱ्या बाईच्या हाती ती पडत नाही.

मुठेबाबत लोकचर्चा वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचते. ६ मार्च २०२२ रोजी भूमिपूजन झालेल्या, सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ विकास प्रकल्पावरील वादात समर्थक सुशोभीकरण आणि फिरावयास मिळणारी जागा पुढे करतात. विरोधक तोडली जाणारी झाडे, अरुंद होणारे पात्र आणि पूररेषा. विरोधकांची पुराची भीती अनाठायी नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर नदीकाठच्या पेठांनी ती अनुभवली आहे. तरीही दोन्ही बाजूंच्या बोलण्यातला 'पुणेकर' हा बहुधा नदीकडे पाहणारा असतो, नदीवर पोट असणारा क्वचितच. कसब्यातील कुंभारवाड्याला या चर्चेत कोणता रकाना द्यावयाचा? मूर्ती घडविणे, गणेश विसर्जन आणि त्यातून होणारे प्रदूषण हे संशोधकाच्या तक्त्यात तीन निरनिराळ्या जागी जाते. पेठेत ते एकाच घराच्या उंबऱ्यावर भेटते.

आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी नदीवर विद्यार्थ्यांचे प्रकल्प होतात. त्यांत पाण्याचे नमुने आणि नागरिकांची 'पैसे देण्याची तयारी' विचारणारी प्रश्नावली असते. त्याच प्रश्नावलीत आणखी तीन प्रश्न सहज बसतील: या काठावर पूर्वी कोणाची वहिवाट होती, ती केव्हा तुटली, आणि तुटताना कोणाला विचारले होते. उत्तरांसाठी पेठेतील वृद्धांकडे जावे लागेल, आणि जुने नगरभूमापन नकाशे काढावे लागतील.