जाहीरपणाचा प्रश्न : समलैंगिकतेविषयीचा वाद आणि मराठी साहित्यातील मौन

प्रस्तावना

समलैंगिकतेविषयी मराठी समाजात जेव्हा वाद होतो, तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘घराच्या चार भिंतींआड काय करायचे ते करावे, रस्त्यावर त्याचे प्रदर्शन कशाला?’ हे वाक्य उच्चारणारी व्यक्ती बहुधा स्वतःस सनातनी समजत नाही. समलैंगिकांना तुरुंगात टाकावे, असे तिचे म्हणणे नसते. आपण पुरेसे उदार आहोत, अशीच तिची प्रामाणिक भावना असते. तिला खटकतात ती पदयात्रा, इंद्रधनुषी झेंडे आणि ‘प्राईड’ हा शब्द. म्हणजेच तिचा आक्षेप वर्तनावर नसून जाहीरपणावर असतो.

प्रस्तुत लेखात या आक्षेपाचा विचार करावयाचा आहे. जाहीरपणा ही हक्कांच्या मागणीला वरून जोडलेली बाब नसून तोच त्या मागणीचा गाभा आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. त्यासाठी १९३४ सालचा एक खटला, १९८१ सालचे एक नाटक, २००६ सालची एक कादंबरी आणि अलीकडील न्यायालयीन निर्णय यांचा आधार घेतला आहे. या सर्वांकडे पाहताना एकच कसोटी वापरली आहे : येथे कोण बोलते आणि कोणाशी बोलते?

१. निनावी प्रश्नकर्ता

र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण हे त्याचे प्रमुख विषय होते. वाचकांच्या प्रश्नांना कर्वे या मासिकातून उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. लोकांच्या मनात असे प्रश्न येत असतील, तर त्यांना उत्तरे मिळालीच पाहिजेत आणि एखाद्या गोष्टीस विकृती म्हणावयाचे असेल, तरी ती दूर करण्याचा मार्ग ज्ञानातूनच जातो, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

या घटनेचा उल्लेख बहुधा कर्वे आणि आंबेडकर यांच्या धैर्याची साक्ष म्हणून केला जातो, आणि तो योग्यच आहे. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो प्रश्न विचारणारा वाचक. स्वतःविषयीची शंका घरात, शाळेत वा वैद्याकडे विचारता येत नव्हती, म्हणूनच ती मासिकाच्या संपादकाकडे गेली असणार. प्रश्नकर्ता निनावी राहिला. शिक्षा झाली ती उत्तर देणाऱ्यास. ‘चार भिंतींआड’ हा उपदेश त्या वाचकाने आधीच पाळलेला होता. त्या भिंतींबाहेर त्याने केवळ एक प्रश्न पाठविला आणि व्यवस्थेला तेवढाही सोसला नाही.

२. ‘मित्राची गोष्ट’ : दुसऱ्याच्या तोंडून

विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात सुमित्रा देव, म्हणजेच मित्रा, ही भूमिका केली. कथा घडते स्वातंत्र्यपूर्व काळातील महाविद्यालयीन वातावरणात. मित्राला स्त्रियांविषयी आकर्षण वाटते, नमा देशमुख या तरुणीवर तिचे प्रेम जडते आणि तिचा शेवट आत्महत्येत होतो. ही सारी हकीकत प्रेक्षकांना सांगतो तो बापू, तिचा एकमेव विश्वासू मित्र.

नाटकाच्या शीर्षकातच एक अर्थपूर्ण संदिग्धता आहे. ‘मित्र’ आणि ‘मित्रा’ या दोन्ही नामांचे षष्ठीचे रूप ‘मित्राची’ असेच होते. त्यामुळे ही गोष्ट मित्रा या मुलीची आहे की बापूच्या दृष्टीने ‘एका मित्राची’ आहे, हे शीर्षकावरून ठरत नाही. नाटकाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोहोंचे मूळ येथेच सापडते. सामर्थ्य असे की, तेंडुलकरांनी मित्राला ‘प्रकरण’ होऊ दिले नाही. ती हट्टी, तल्लख, स्वार्थी, प्रेमळ अशी संपूर्ण व्यक्ती आहे. सहानुभूतीच्या नावाखाली तिला गोड केलेले नाही. मर्यादा अशी की, तिच्या आयुष्याचा अर्थ लावण्याचा अधिकार अखेरपर्यंत बापूकडे राहतो. ती रंगमंचावर बोलते. पण आपल्यापर्यंत पोहोचते ती त्याच्या आठवणीतून, त्याच्या अपराधभावातून.

येथे ‘खोली’ या स्थळाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. मित्रा आणि नमा यांना भेटण्यासाठी बापू आपली खोली उपलब्ध करून देतो. ‘चार भिंतींआड’ या उपदेशाची ही अक्षरशः अंमलबजावणीच होय. परंतु भिंती उसन्या आहेत. त्यांचे दार दुसऱ्याच्या मर्जीवर उघडते आणि त्यांच्याआडचे गुपित कळले की ते शस्त्रासारखे वापरता येते. खाजगीपणा हा हक्क नसून उपकार असेल, तर तो कधीही काढून घेता येतो, हे या नाटकाइतके स्पष्टपणे क्वचितच मांडले गेले असेल. मित्राचा नाश तिच्या इच्छेमुळे होतो, असे वरवरच्या वाचनात वाटते. वस्तुतः तिला इच्छा व्यक्त करण्यासाठी एकही स्वतःची जागा मिळत नाही, हे त्या नाशाचे कारण आहे.

३. ‘कोबाल्ट ब्लू’ : एक दुःख, दोन न्याय

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ साली प्रसिद्ध झाली. जेरी पिंटो यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०१३ साली आला. स्वतः कुंडलकरांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०२२ साली प्रदर्शित झाला. एका मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण राहावयास येतो. घरातील तनय आणि अनुजा ही भावंडे एकमेकांच्या नकळत त्याच्या प्रेमात पडतात. कादंबरीचे दोन भाग या दोघांच्या निवेदनांचे आहेत. त्या तरुणाचे नाव मात्र वाचकाला कळत नाही.

ज्या कसोटीचा उल्लेख आरंभी केला, त्या दृष्टीने हा मोठा बदल आहे. येथे बापू उरलेला नाही. तनय स्वतः बोलतो. पण तो बोलतो निघून गेलेल्या प्रियकराशी, ‘तू’ असे संबोधून. घरातील माणसांशी त्याला हे बोलता येत नाही. अनुजाच्या वाट्याला आलेला अनुभव तोच आहे : त्याच पुरुषावर प्रेम आणि त्याच पुरुषाने सोडून जाणे. ती त्या तरुणाबरोबर निघून जाते, एकटी परतते आणि घर हादरते. तिच्यावर राग निघतो, तिच्यावर उपचार होतात, तिची काळजी वाहिली जाते. हे सारे तिला जाचक आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या दुःखाला निदान ‘प्रकरण’ हे नाव तरी आहे. तनयच्या दुःखाला नावच नाही. त्याच घरात, त्याच दिवसांत, तो तितकाच उद्ध्वस्त आहे आणि कोणी त्याला काय झाले म्हणून विचारत नाही. कारण काही झाले आहे, हेच कोणास ठाऊक नाही.

कुंडलकरांनी येथे प्रचार केलेला नाही. घरातील कोणीही तनयशी क्रूरपणे वागत नाही आणि म्हणूनच हे चित्रण अस्वस्थ करते. मौनाचा जाच होण्यासाठी कोणी दुष्ट असावे लागत नाही. चांगल्या घरांतही तो सहज नांदतो.

४. पडद्यावरून रस्त्यावर

साहित्यातील हे मौन सार्वजनिक जीवनात प्रथम मोठ्या आवाजात मोडले ते एका विरोधामुळे. दीपा मेहता यांचा ‘फायर’ हा चित्रपट सेन्सॉर बोर्डाच्या संमतीने १९९८ साली भारतात प्रदर्शित झाला होता. त्या वर्षी डिसेंबरच्या आरंभी मुंबईत शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी, त्यांत महिला कार्यकर्त्याही होत्या, त्याचे खेळ बंद पाडले. असे संबंध भारतीय संस्कृतीत बसत नाहीत, असा त्यांचा दावा होता. त्यास उत्तर म्हणून दिल्लीत रीगल चित्रपटगृहासमोर निदर्शने झाली आणि भारतीय असणे व लेस्बियन असणे या दोन गोष्टी एकत्र सांगणारा फलक तेथे झळकला. ज्यांना हा विषय उच्चारला जाऊ नये असे वाटत होते, त्यांच्याच कृतीमुळे तो घरोघरी उच्चारला गेला.

२ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात अवघ्या पंधरा जणांनी केलेली पदयात्रा ही भारतातील पहिली प्राईड पदयात्रा मानली जाते. मुंबईत १६ ऑगस्ट २००८ रोजी ‘क्विअर आझादी’ पदयात्रा ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीकडे निघाली. स्वातंत्र्यदिनानंतरचा दिवस आणि १९४२ च्या ‘चले जाव’ची जागा यांची निवड सहेतुक होती. कलम ३७७ हे १८६० च्या भारतीय दंडसंहितेतून, म्हणजे ब्रिटिश अमदानीतून आलेले होते. त्यामुळे परकीय काय, हा प्रश्नच या पदयात्रेने उलटा फिरविला. पुण्यातही २०११ साली अशी पदयात्रा निघाली.

‘यात अभिमान कसला?’ हा प्रश्न या पदयात्रांविषयी नेहमी विचारला जातो. मराठीत ‘अभिमान’ हा शब्द बहुधा कर्तृत्वाशी जोडला जातो. जन्मतः लाभलेल्या गोष्टीचा अभिमान बाळगणे आपल्याला विचित्र वाटते, निदान तसे आपण म्हणतो. परंतु शब्दाचा अर्थ त्याच्या विरुद्धार्थी शब्दावरून ठरवावा लागतो. येथे अभिमानाच्या विरुद्ध नम्रता नाही, लाज आहे. सुरुवातीच्या पदयात्रांत काही जण मुखवटे घालून चालत असत. ज्याला अभिमान वाटतो त्याने तोंड का लपवावे, असा टोमणा मारणे सोपे आहे. वास्तविक तो मुखवटा म्हणजे त्या व्यक्तीने रस्त्यावर येण्यासाठी मोजलेली किंमत होती. ‘प्राईड’ला मराठीत ‘आत्मसन्मान’ हा शब्द अधिक जवळचा आहे आणि त्या शब्दाची ओळख महाराष्ट्राला पाश्चात्यांकडून करून घ्यावी लागत नाही. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ सालचा सत्याग्रह केवळ तहानेसाठी नव्हता. जे सार्वजनिक आहे, ते आपलेही आहे, हे उघडपणे सिद्ध करण्यासाठी तो होता. जातीय दास्य आणि समलैंगिकांवरील अन्याय यांचे इतिहास वेगळे आहेत. त्यांना एका मापाने मोजणे अनुचित ठरेल. साम्य आहे ते केवळ मागणीच्या स्वरूपात.

५. मोजणीचा पेच

जाहीरपणाची निकड कायद्याच्या इतिहासातून सर्वांत स्पष्ट दिसते. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या, खाजगीतील संबंधांना कलम ३७७ मधून वगळले. त्या निर्णयात आंबेडकरांच्या ‘संवैधानिक नैतिकता’ या संकल्पनेचा आधार घेण्यात आला होता. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तसे करताना न्यायालयाने समलैंगिकांचे लोकसंख्येतील प्रमाण अत्यल्प असल्याचे म्हटले, दीडशे वर्षांत दोनशेहून कमी व्यक्तींवर खटले झाल्याचे नमूद केले आणि भेदभावाचा पुरेसा तपशील सादर झालेला नाही, असाही ठपका ठेवला.

हा युक्तिवाद आणि ‘चार भिंतींआड’ हा उपदेश एकत्र ठेवून पाहावेत. समाज सांगतो, दिसू नका. न्यायालय म्हणते, तुम्ही फारसे दिसत नाही, म्हणून तुमच्या हक्कांचा प्रश्न किरकोळ आहे. निनावी राहिलेला ‘समाजस्वास्थ्य’चा वाचक, बापूच्या खोलीतील मित्रा आणि घरात गप्प राहिलेला तनय यांची नोंद कोणत्या खटल्याच्या आकडेवारीत सापडणार? मौन लादावयाचे आणि मग त्याच मौनास पुरावा मानावयाचे, असा हा पेच आहे. पदयात्रा हे त्या पेचाला दिलेले उत्तर आहे.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ चा निर्णय चुकीचा ठरविला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ सारखी तरतूद नाही. दुसरीकडे, १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्यास नकार दिला. शयनगृहातील गुन्हा संपला. पण दवाखान्यात, बँकेत, वारसाहक्काच्या कागदावर जोडीदार म्हणून उभे राहण्याचा प्रश्न कायम आहे. हे सारे प्रश्न भिंतींबाहेरचे आहेत.

६. समर्थकांच्या युक्तिवादाची चिकित्सा

समर्थकांचे सर्वच युक्तिवाद भक्कम आहेत, असे नाही. प्राचीन शिल्पे आणि पुराणकथा पुढे करून ‘आपली संस्कृती मुळात उदार होती’ असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. रूथ वनिता आणि सलीम किदवाई यांनी २००० साली संपादित केलेल्या ग्रंथाने भारतीय परंपरेतील अशा उल्लेखांचा मोठा संग्रह उपलब्ध करून दिला, हे त्यांचे ऋण मान्यच आहे. परंतु परंपरेत उल्लेख नसता, तर हक्क नसता काय? हक्काचा आधार शिल्पांत शोधला, की उद्या दुसरे कोणी दुसरा श्लोक दाखवील. तसेच महानगरीय पदयात्रांची इंग्रजी भाषा आणि बाजाराशी जुळलेले त्यांचे नाते यांवरील टीकाही विचारार्ह आहे. तालुक्याच्या गावातील तनयला त्या भाषेत स्वतःचे नाव सापडेलच, असे नाही. मात्र या टीकेचे उत्तर अधिक मराठी जाहीरपणा हे आहे, अधिक मौन हे नाही. बिंदुमाधव खिरे यांच्यासारख्यांनी या विषयावर मराठीतून केलेले लेखन म्हणूनच मोलाचे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून एक क्रम स्पष्ट होतो. १९३४ मध्ये प्रश्नकर्ता निनावी होता. १९८१ मध्ये त्याच्या वतीने मित्र बोलला. २००६ मध्ये तो स्वतः बोलला, पण अनुपस्थित व्यक्तीशी. पदयात्रेत तो प्रथमच समोरच्या समाजाशी बोलतो. तेव्हा ‘रस्त्यावर कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर असे की, बाकीच्या सर्व जागी बोलून पाहिले आहे किंवा बोलू दिलेले नाही.

आपणा अध्यापकांसाठी हा विषय दूरचा नाही. मित्रा ही महाविद्यालयीन विद्यार्थिनी आहे आणि तिची कुचंबणा महाविद्यालयाच्या आवारात घडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून होणाऱ्या छळाचा समावेश केला. नियम आहे, परंतु नियमाचा आधार घेण्यासाठी विद्यार्थ्याला आधी स्वतःविषयी बोलावे लागते. ‘मित्राची गोष्ट’ शिकविताना वर्गात कोणी हसले, तर आपण ते ऐकले न ऐकलेसे करून कथानकाकडे वळतो. त्याच वर्गात एखादा विद्यार्थी आपल्या त्या वळण्याकडे पाहत असतो. तो काही बोलणार नाही. पुढच्या तासाला आपण काय बोलतो, याची तो वाट पाहील.