हरवलेल्या माणसाची कादंबरी

आपल्याकडे टीका व्हावयाची ती छापील पुस्तकावर. ज्या कादंबरीला प्रकाशक नाही, मुखपृष्ठ नाही, किंमत नाही, तिच्याकडे टीकाकार ढुंकूनही पाहात नाहीत. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात पुणे जिल्ह्यात अशी एक कादंबरी तयार झाली. तिचे लेखक हजारो होते. ती पाच दिवसांत लिहून पुरी झाली, आणि माझ्या साऱ्या कादंबऱ्यांना मिळून जेवढे वाचक लाभले नसतील तेवढे तिला पहिल्या दोन दिवसांतच लाभले. (यात मत्सराचा भाग नाही असे मी म्हणणार नाही.) तेव्हा तिचे परीक्षण कोणी तरी करावयास हवे, मी ते करतो.

मूळ हकीकत दोन ओळींची आहे. २० ऑगस्ट २०२५ रोजी बाहेरगावचा एक तरुण मित्रांबरोबर सिंहगडावर आला आणि तानाजी कड्यापाशी दिसेनासा झाला. पाऊस कोसळत होता, गडावर धुके दाटले होते. पोलीस, अग्निशमन दलाचे जवान आणि डोंगरात शोध घेणारी स्वयंसेवक मंडळी कड्याखाली उतरून शोध घेऊ लागली. २४ ऑगस्टला, म्हणजे पाचव्या दिवशी, तो त्याच कड्याच्या परिसरात जिवंत सापडला.

मधल्या चार दिवसांत कादंबरी रचली गेली. गडावरच्या एका कॅमेऱ्यात कोणी एक माणूस धावताना आणि आडोशाला होताना दिसला. एवढा धागा पुरे झाला. आमच्या पिंपळे सौदागरात वाण्याच्या दुकानापासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत प्रत्येकाजवळ आपापले एक प्रकरण लिहून तयार होते. कुणी म्हणे, डोक्यावर कर्ज असणार. कुणी म्हणे, विम्याच्या रकमेसाठी हा बनाव आहे. कुणाच्या मते मित्रांनीच काही तरी केले असले पाहिजे. एरवी ते इतके शांत कसे? कुणी प्रेमप्रकरण घातले, कारण त्यावाचून कादंबरी खपत नाही. आणि या सगळ्या बहुश्रुत मंडळींत एकही जण असा भेटला नाही, जो म्हणेल, की पावसात कड्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचा पाय घसरला असेल.

असे का व्हावे? लोक दुष्ट असतात, हे उत्तर सोपे आहे, परंतु खरे नाही. हीच मंडळी गणपतीच्या वर्गणीत मागे राहात नाहीत आणि शेजारच्या आजारी म्हातारीला डबाही नेऊन देतात. माझ्या मते या कादंबरीचा दोष नीतीचा नसून वाङ्मयाचा आहे. आणि त्या दोषाचे धनी आम्ही लेखक आहोत.

कादंबरीत योगायोग हा अपराध समजला जातो. नायक तिसऱ्या प्रकरणात घसरून दरीत पडला, त्याला कारण काही नाही, फक्त शेवाळ होते, असे मी लिहिले तर संपादक मला हस्तलिखित परत पाठवतील. आणि ते बरोबरच करतील. कथेत प्रत्येक गोष्टीला हेतू लागतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांवर आपल्या कित्येक पिढ्या पोसल्या. त्यांचा झुंजार किंवा काळापहाड घटनास्थळी आला आणि "हा केवळ अपघात आहे" म्हणून घरी निघून गेला, असे घडले असते तर वाचकांनी पैसे परत मागितले असते. या वाचनावर, आणि त्यामागून आलेल्या चित्रपटांवर व मालिकांवर, आपली बुद्धी घडली आहे. तिला 'पाय घसरला' हे तीन शब्दसुद्धा न भरणारे कथानक अपुरे वाटते. डोंगराचा कायदा मात्र नेमका उलटा आहे. तिथे हेतू कुणालाच नसतो. ओल्या काळ्या पाषाणावर शेवाळ धरलेले असते, कड्याच्या टोकावर गवत पुढे झुकून जमिनीचा भास करून देते, आणि धुक्यात चार हातांवरची दरी दिसत नाही. एवढ्यावर तिथली संपूर्ण संहिता संपते.

हा छंद आजचा नव्हे. आपल्या मराठी समाजाने तो एकदा फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते पडले, हे मान्य करावयास पुष्कळांचे मन तयार होईना. भाऊ निसटले, भाऊ बैराग्याच्या वेषात हिंडत आहेत, भाऊ योग्य वेळेची वाट पाहात आहेत! पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत, १७८३ साली देह ठेवीपर्यंत, वैधव्य स्वीकारले नाही. त्या माऊलीच्या आशेला कोण नावे ठेवील? परंतु इतरांच्या तर्काने काय केले पाहा. त्या तर्काच्या वाफेतून एक जिवंत माणूस तयार झाला. भाऊसाहेबांचा तोतया म्हणून एक कनोजी ब्राह्मण पुढे आला, त्याला कैद झाली, तो सुटला, कोकणात त्याने फौज जमवली, किल्ले घेतले, आणि १७७६ साली त्याला देहदंड झाला तेव्हाच ते प्रकरण मिटले. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले ते याच विषयावर. बेपत्ता माणसाविषयी आपण जी गोष्ट रचतो ती हवेत विरून जाते असे ज्यांना वाटते, त्यांनी ते प्रकरण एकदा वाचावे. रचलेल्या गोष्टीला हातपाय फुटतात, आणि मग तिच्यापायी खऱ्या माणसांची डोकी जातात.

साहेबाच्या देशातही निराळे नाही. ॲगाथा ख्रिस्ती ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री घरातून निघून गेल्या. त्यांची मोटार सरे परगण्यात एका उतारावर बेवारशी सापडली. झाले! शेकडो पोलीस आणि हजारो हौशी माणसे रानात उतरली, तळी गाळून काढली. नवऱ्याने खून केला इथपासून, पुस्तकाच्या जाहिरातीसाठी केलेले हे ढोंग आहे इथपर्यंत सर्व प्रकरणे वर्तमानपत्रांनी लिहिली. शेरलॉक होम्सचे जन्मदाते कॉनन डॉयल यांनी तर बाईंचा एक हातमोजा मिळवून तो परलोकविद्या जाणणाऱ्या गृहस्थाच्या हाती दिला. ज्याने जगाला तर्क शिकवला तो वेळ आल्यावर देवऋष्याकडे गेला, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते. अकरा दिवसांनी बाई हॅरोगेटच्या एका हॉटेलात दुसऱ्याच नावाने राहात असलेल्या सापडल्या. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिले; त्यांच्या पश्चात १९७७ साली ते प्रसिद्ध झाले. त्यात या अकरा दिवसांविषयी चकार शब्द नाही. जन्मभर रहस्ये उलगडणाऱ्या बाईने एवढे एक झाकून ठेवले. ते तिचे होते, आणि जगाने आधीच त्याचा चिखल केला होता.

खेड्यातल्या जुन्या माणसांजवळ हरवण्याविषयीची एक गोष्ट होती, ती आपण अंधश्रद्धा म्हणून टाकून दिली. ती म्हणजे चकवा. रानात माणूस चालत राहतो आणि फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो, त्याला चकवा लागला म्हणत. भुताखेताचा भाग सोडून द्या. २००९ साली जर्मनीतील संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालावयास सांगून त्यांचा माग काढला. सूर्य किंवा चंद्र दिसत असेतो ती सरळ चालली; आभाळ भरून येताच, आपण सरळच चाललो आहोत अशा खात्रीने, गोल गोल फिरू लागली. म्हणजे चकवा खरा आहे! श्रावणातल्या सह्याद्रीत सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही, त्यात कारवीचे रान पुरुषभर वाढलेले, आणि ढोरवाटा तर अशा, की वाट म्हणून धरावी आणि चार पावलांनी कड्यावर नाही तर काट्यात नेऊन सोडावी. गुरे तिथे चरावयास गेलेली असतात, गावी पोहोचावयास नव्हे, हे शहरातल्या माणसाला कोण सांगणार?

मला या चकव्याच्या कथेचे दोन गुण दिसतात. एक, ती हरवलेल्या माणसावर संशय घेत नाही. दोष भुताचा, माणूस बिचारा सापडलेला. दुसरा गुण त्याहून मोलाचा. तिच्यात उपाय आहे. चकवा लागला असे वाटले, की आहे तिथे बसावे, उजाडू द्यावे, आणि मग निघावे, असे म्हातारी माणसे सांगत. आज डोंगरात शोध घेणारी अनुभवी मंडळीही हेच सांगतात : वाट चुकली असे कळल्यावर अंधारात वा धुक्यात उतरत सुटू नका, ओहोळ धरून खाली तर मुळीच जाऊ नका, कारण सह्याद्रीतला ओहोळ पुढे बहुधा धबधबा होतो. एका जागी थांबा, म्हणजे शोधणाऱ्याला तुम्ही सापडाल. तेव्हा आजीची भुताची गोष्ट आणि आमची कर्ज-विम्याची गोष्ट या दोहोंत अधिक शास्त्रीय कोणती, हे वाचकांनीच ठरवावे.

गो. नी. दांडेकरांची या संदर्भात आठवण होते. 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'माचीवरला बुधा' या त्यांच्या कादंबऱ्यांत डोंगर आहे, पण तो देखावा म्हणून नाही. तिथली माणसे तुंग आणि राजमाची यांच्या अंगाखांद्यांवर राहतात. कोणता दगड पावसात धरावयाचा आणि कोणता सोडावयाचा हे त्यांच्या तळपायांना ठाऊक असते. हीच पवना तुंगाच्या बाजूने निघून आमच्या पिंपळे सौदागराला वळसा घालून जाते. एके काळी हेही नदीकाठचे शेतीचे गाव. आता इथे उंच इमारती आहेत, त्यांत हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांत राबणारी तरुण जोडपी राहतात, आणि पहिला पाऊस पडला की रविवारी पहाटे पाठीवर पिशव्या टाकून गडांकडे धावतात. धावावेही! आठवडाभर काचेच्या खोलीत बसणाऱ्याने डोंगरावर नाही जावयाचे तर कुठे जावयाचे? माझी तक्रार त्यांच्या जाण्याविषयी नाही. त्यांना गडाची छायाचित्रे शेकड्यांनी मिळतात आणि धोंडी एकही भेटत नाही, हे माझे दुःख आहे. पायथ्याच्या गावातला एखादा माणूस सोबत घेतला, त्याला चार पैसे दिले, तर दोघांचेही भले होईल; पण छायाचित्रात तो मधे येतो ना!

अनुभवी माणसालाही डोंगर सोडत नाही, हेही सांगून ठेवतो. ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर गेले. सारी हयात कड्यांवर काढलेला तो माणूस. मग नवख्याची काय कथा?

मे २०२२ मध्ये दिल्लीकडचा एक तरुण अभियंता एकटाच लोणावळ्यास आला आणि नागफणीच्या जंगलात वाट चुकला. वाट चुकल्याचे त्याने फोनवरून कळवलेही होते. पुढे फोन बंद पडला. शिवदुर्ग मित्र या लोणावळ्याच्या संस्थेचे कार्यकर्ते, पोलीस, राष्ट्रीय आपत्ती दलाचे जवान, सगळे चार दिवस दऱ्या धुंडाळीत होते. चौथ्या दिवशी दरीत मृतदेह मिळाला. त्या चार दिवसांतही तर्कांना तोटा नव्हता. हे स्वयंसेवक लोक दिवसा आपापला धंदा-नोकरी करतात आणि हाक आली की दोर खांद्यावर टाकून निघतात. उन्हात, पावसात, रात्री, ज्या दरीत एक माणूस आधीच पडला आहे त्याच दरीत ते स्वतःला दोराने सोडतात. तिकडे त्यांचा एक पाय अधांतरी असावयाचा, आणि इकडे आम्ही चहाच्या घोटाबरोबर म्हणावयाचे, "अहो, तो तिथे नाहीच मुळी! केव्हाच पसार झाला असेल." हे बोलणे त्यांच्याही कानी जात असेल. आणि आईच्या? तिच्या हातात फोन असतोच की. मुलगा जिवंत आहे की नाही, हे तिला अजून कळलेले नसते. तो लबाड होता, हे मात्र गावाने तिला कळवून टाकलेले असते.

कायदा सात वर्षे थांबतो. सात वर्षे ज्याची वार्ता लागली नाही, तो मरण पावला असे मग मानता येते. जनतेला सात तास धीर धरवत नाही. सिंहगडावरचा तो मुलगा तर परत आला. कादंबरीकाराच्या दृष्टीने हा मोठाच पेच! मेलेले पात्र सोयीचे असते. ते लेखकाला जाब विचारत नाही. हे पात्र पाच दिवस भिजून, उपाशी राहून, जिवंत बाहेर आले. तेव्हा लेखकमंडळींनी काय करावे? हात जोडावे? छे! त्यांनी नवे प्रकरण सुरू केले : इतके दिवस माणूस जगतोच कसा? म्हणजे मेला असता तर बनाव, आणि जगला तरी बनावच. असल्या कथानकातून बिचाऱ्याने सुटावे कसे?

एक नमूद करतो. डोंगरात शोध घेणाऱ्या मंडळींना हरवलेल्या माणसाविषयी काय हवे असते? त्याच्या डोक्यावर कर्ज किती, हे त्यांना नको असते. पायांत काय घातले होते, बूट की चप्पल? अंगातल्या कपड्यांचा रंग कोणता? पोहता येते का? अंधाराला भितो का? जवळ पाणी किती, विजेरी आहे का, शिट्टी आहे का? शेवटचा फोन किती वाजता, आणि त्या वेळी मागे पाण्याचा आवाज येत होता का? घरून निघताना कोणती वाट सांगितली होती? ११२ क्रमांकावर फोन लागलाच तर तिथेही असेच साधे प्रश्न येतात. यंदा फराळ झाल्यावर तुमच्यापैकी पुष्कळजण पोरांना घेऊन कोणत्या ना कोणत्या किल्ल्यावर जाल. यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे एका चिठ्ठीवर लिहून ती घरातल्या एखाद्या जागत्या माणसापाशी ठेवून जा. निघण्याची वेळ, वाट, परतण्याची वेळ. चार ओळींचे लेखन आहे. त्याला कथानक लागत नाही.