आनंदवनाची गोष्ट आपण कशी वाचतो?

आज मी आनंदवनाच्या कामाबद्दल बोलणार नाही. त्या कामाबद्दल आपण जे वाचलं, पाहिलं, त्याबद्दल बोलणार आहे.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. वरोऱ्याजवळची खडकाळ जमीन, चौदा रुपये, सहा कुष्ठरोगी आणि एक लंगडी गाय. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली, पुढे आनंदवन उभं राहिलं. आता मला सांगा, त्या सहा जणांपैकी एकाचं तरी नाव आठवतं का? गाय लंगडी होती हे आपल्या लक्षात राहिलं. माणसं मात्र आकडा होऊन बसली.

हा दोष बाबा आमट्यांचा नाही. दयेपेक्षा श्रमाला मान द्या, हेच ते सांगत होते. दोष आपल्या वाचनाचा आहे. आपल्याला नायक लागतो. डॉ. प्रकाश आमट्यांचं ‘प्रकाशवाटा’ हे आत्मकथन, तेव्हा हेमलकशाची गोष्ट ते स्वतःच्या नजरेतून सांगणार, हे स्वाभाविकच. पण २०१४ सालच्या चित्रपटाच्या नावातच ‘द रिअल हीरो’ आहे. तिथे पेशंट येतो, बरा होतो आणि बहुतेक वेळा पडद्याबाहेर जातो. तो घरी गेल्यावर काय झालं, हे आपण विचारत नाही.

साधनाताईंचं ‘समिधा’ मला म्हणूनच वेगळं वाटतं. ते संसाराच्या बाजूने लिहिलेलं आहे. नागपूरच्या कर्मठ घरातून आलेली बाई कुष्ठरोग्यांच्या शेजारी चूल मांडते, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुलं तिथेच वाढतात. ‘समावेशन’ हा जड शब्द तिथे रोजचं जगणं होऊन येतो. कुणी कुणाला ‘सामावून घेत’ नाही, सगळे एकत्र राहतात, एवढंच.

तरी एक माणूस या सगळ्या गोष्टींत फारसा भेटत नाही. रोग्याच्या मूळ घरातली आई, बायको, भाऊ. त्यांनी त्याला का सोडलं? सगळेच निर्दयी नव्हते. गावाची भीती होती आणि कायदाही त्याच बाजूला होता. १८९८ सालचा कुष्ठरोग्यांबाबतचा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९ मध्ये निघालं. म्हणजे बघा, १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आले, रोग बरा होऊ लागला, पण घराचं दार पुढची तीस-पस्तीस वर्षं कायद्यानेही अडवलेलंच होतं.

घर बंद, म्हणून आनंदवनाने दुसरं घर बांधलं. अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा, अपंगांच्या प्रशिक्षणासाठी संधिनिकेतन, बऱ्या झालेल्यांचे संसार. हे काम मोठंच आहे. पण आपण त्याचा अर्थ सोयीचा लावला: ‘तिथे व्यवस्था आहे ना!’ मग सहल काढायची, देणगी द्यायची, डोळे पुसायचे. आपल्या गावातल्या शाळेला रॅम्प आहे का, हे बघायचं राहून जातं.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वेगळं सांगतो. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, एका ठरावीक ठिकाणीच राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्त्याचाही त्यात उल्लेख आहे. म्हणजे कायद्याला तरी घर दिसलं.

आपल्या साहित्याला ते कधी दिसणार? भामरागडकडच्या एखाद्या टोल्यावरची आई घ्या. मुलाच्या प्रमाणपत्रासाठी गडचिरोलीला जायचं तर दीडशेहून अधिक किलोमीटर. तेंदूच्या हंगामात दोन दिवस बुडाले, तर तेवढी मजुरी गेली. मुलाला उचलून बसमध्ये कोण चढवणार? या गोष्टीत नायक नाही, म्हणून ती लिहिली जात नाही. ती लिहिणारं कुणी आज ऐकत असेल, तर सुरुवात त्या मुलाच्या नावापासून करा.