गंजिफा आणि संगणकीय पट : पार्श्वरंगाचा प्रश्न

२०१५ मध्ये आलेल्या ‘टेबलटॉप सिम्युलेटर’ या संगणकीय पटावर खेळाडूस पत्त्यांची मांडणी व पटाची पार्श्वभूमी मनाजोगी रचता येते. पार्श्वभूमी म्हणजे सजावट, हे तेथील गृहीतक होय. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा त्यास छेद देते. तिचे १२० गोल पत्ते दहा अवतारांत विभागलेले असून पारंपरिक संचात प्रत्येक अवताराच्या बारा पानांचा पार्श्वरंग वेगळा असतो. हातात दाटीने धरलेली पाने चित्राआधी रंगानेच ओळखू येतात. निम्म्या अवतारांत तर अंकांचा क्रमच उलटा, म्हणजे एक्का दश्शीहून वरचढ. तेव्हा रंग ओळखण्यातील चूक डावास भोवते. म्हणूनच संगणकावर चित्रे जशीच्या तशी ठेवून पार्श्वरंग मात्र आवडीनुसार एकसारखा करणे, हा निरुपद्रवी रुचिभेद नसून खेळाच्या रचनेतच केलेला बदल ठरतो.