शब्दतक्त्याने माझं कोष्टक कसं चुकवलं : पोर्तुगीज पादत्राणांची गोष्ट

संशोधनाची तयारी करत असाल तर कधी ना कधी परक्या भाषेतला मजकूर वाचायची वेळ येतेच. मग आपण काय करतो? तयार शब्दतक्ता शोधतो. डावीकडे पोर्तुगीज शब्द, उजवीकडे इंग्रजी, मध्ये बरोबरचं चिन्ह. आज त्या तक्त्याचीच जरा तपासणी करू या, कारण त्याच्या भरवशावर राहून मी चुकले आहे.

ब्राझीलमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी 'एनआर ३२' हा २००५ सालचा नियम आहे. जैविक संसर्गाचा धोका असलेल्या कामाच्या जागी उघडे 'काल्सादु' वापरू देऊ नयेत, असं त्यात सांगितलंय. माझ्या तक्त्यात 'सापातु' म्हणजे 'शू' आणि 'काल्सादु' म्हणजेही 'शू'. मी वहीत लिहिलं, 'उघडे बूट चालत नाहीत'. आणि तुलनेच्या कोष्टकात चपला-सँडलच्या रकान्यात 'उल्लेख नाही' असं भरून मोकळी झाले.

उल्लेख होता की! 'काल्सादु' म्हणजे एकूणच पादत्राण. 'सापातु' हा त्यातला एक प्रकार, साधारणपणे बंद बूट. 'शिनेलु' म्हणजे स्लीपर, 'सांदालिया' म्हणजे सँडल, 'बोता' म्हणजे घोट्याच्या वर जाणारा बूट. हे सगळे काल्सादु, पण शिनेलुला कुणी सापातु म्हणणार नाही. नियमाने प्रकारांची नावं घेतलीच नाहीत, 'उघडं' हा गुणधर्म सांगितला. चपला त्यात आपोआप आल्या. तक्त्याने अख्खा वर्ग आणि त्यातला एक प्रकार एकाच पायरीवर बसवले.

आपल्याकडे देवळाबाहेर 'चपला इथे काढा' अशी पाटी असते, म्हणून बूट घातलेला माणूस तसाच आत जातो का? नाही, कारण संदर्भ आपल्याला ठाऊक असतो. परक्या भाषेत नेमका तोच हाताशी नसतो.

तक्त्याचा दुसरा दोष म्हणजे तो देश सांगत नाही. 'सापातिल्या' हा शब्द ब्राझीलमध्ये बॅलेच्या किंवा बायकांच्या सपाट, मऊ बुटांसाठी वापरतात. पोर्तुगालच्या उत्तर भागात खेळाच्या बुटांनाही सापातिल्या म्हणतात. त्याच खेळाच्या बुटांना लिस्बनकडे आणि ब्राझीलमध्ये 'टेनिस' म्हणतात. म्हणजे प्रश्नावलीत हा शब्द आला तर आधी ती कुठे भरून घेतली ते बघायला हवं.

तिसरा दोष, तक्त्यात फक्त नामं. 'काल्सार' हे क्रियापद दिलं असतं तरी मला कळलं असतं. कपडे घालण्याला वेगळं क्रियापद आहे; बूट, मोजे, हातमोजे घालण्याला काल्सार. त्यावरूनच काल्सादु आला.

तक्ता निरुपयोगी आहे, असं नाही. दुकानात जाऊन बूट मागायला तो पुरतो. पण आपण शब्दावरून रकाने ठरवतो आणि रकान्यांवरून आकडे काढतो. तेव्हा शब्द कोड करण्याआधी तीन गोष्टी विचारा : हा वर्ग आहे की प्रकार? कोणत्या देशातला? पोर्तुगीज-पोर्तुगीज कोशात त्याची व्याख्या काय दिलीय? मी हे तेव्हा विचारलं नाही, म्हणून पूर्ण कोष्टक पहिल्या ओळीपासून पुन्हा भरावं लागलं.